दार उघड, रिचर्ड : एका विनोदी गाण्याची १९४७ मधली अनेक रूपं

मागच्या वेळी आपण मोठ्या बँडचा काळ कसा ओसरत गेला ते पाहिलं. आज एकच गाणं घेणार आहे. त्यातही अडचण अशी की नीट ऐकलं तर ते गाणंच नाही. बहुतेक वेळ एक माणूस बडबडतो, मागे बँड एक छोटीशी चाल घोळवत राहतो आणि मधूनमधून सगळे मिळून एक ओळ गातात. ‘ओपन द डोअर, रिचर्ड’. १९४७ च्या सुरुवातीला अमेरिकेत या ओळीने इतका उच्छाद मांडला होता की रिचर्ड नाव असणं ही शिक्षाच झाली असावी.

मुळात हा रंगमंचावरचा एकपात्री प्रवेश. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी जी नाट्यगृहं होती, न्यूयॉर्कच्या हार्लेममधलं अपोलो हे त्यातलं सगळ्यात नावाजलेलं, तिथे डस्टी फ्लेचर नावाचा नट तो करायचा. फाटके कपडे, तर्र अवस्था, स्टेजच्या मधोमध एक शिडी. दार दिसत नाही, दार आहे असं मानायचं. हा रात्री उशिरा घरी आलाय, किल्ली आत झोपलेल्या रिचर्डकडे. हाका मारतो, शिडीवर चढतो, धाडकन पडतो, परत चढतो. रिचर्ड काही उठत नाही. पुढच्या रेकॉर्डमध्येही टिकून राहिलेला एक विनोद सांगतो, म्हणजे जात कळेल. रिचर्ड घरातच असणार, कारण बाहेर घालायचे कपडे तर माझ्या अंगावर आहेत! दोघांत मिळून एकच जोड. हसू येतं, आणि मग लक्षात येतं की आपण कशाला हसलो.

आता हा प्रवेश कोणाचा? फ्लेचर म्हणणार माझा. जॉन मेसन नावाचा दुसरा नटही तो करायचा. पिगमीट मार्कम हा त्याच फळीतला मोठा विनोदी नट, त्याचं म्हणणं की याचं मूळ त्याआधीच्या बॉब रसेलकडे जातं. आपल्याकडे तमाशातल्या बतावणीचं जसं असतं तसंच हे. पहिल्यांदा कोणी केली हे कोणी विचारत नाही, कोण रंगवतो ते बघतात. पण हे चालतं कुठवर? रेकॉर्ड निघेपर्यंत.

इथे जॅक मॅकव्हे येतो. १९१४ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला सॅक्सोफोनवादक. लायनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये होता तेव्हा फ्लेचरचा प्रवेश त्याने रोज पाहिलेला. पुढे स्वतःचा छोटा बँड काढल्यावर त्याने त्या बडबडीखाली एक चाल घातली आणि हाकेला सूर दिला. मंडळी, ही करामत छोटी वाटते, पण सगळं तिच्यात आहे. शिडी, पडणं, फाटके कपडे रेकॉर्डवर दिसणार कसे? मॅकव्हेने पाहण्याची गोष्ट ऐकण्याची केली, आणि प्रेक्षकाला एक ओळ दिली जी तो स्वतः म्हणू शकेल. ऑक्टोबर १९४६ मध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ या छोट्या कंपनीसाठी राल्फ बास यांनी ते ध्वनिमुद्रित केलं.

पुढचे दोन-तीन महिने म्हणजे नुसती झुंबड. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्यानुसार एखादं गाणं एकदा रेकॉर्डवर आलं की ठराविक मोबदला, म्हणजे प्रतीमागे दोन सेंट, देऊन कोणीही ते पुन्हा रेकॉर्ड करू शकत असे. मोबदला गाण्याचा, तुम्ही ते कसं सादर केलं, कुठे थांबलात, कुठे खाकरलात, त्याला कवडी नाही. त्यामुळे मोठ्या कंपन्यांना फक्त वेगाने धावायचं होतं.

काउंट बेसीने आरसीए व्हिक्टरसाठी केलं. बोलण्याचं काम त्याच्या ट्रम्पेटवादकाने, हॅरी ‘स्वीट्स’ एडिसनने केलं, आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. बेसीसारख्या बँडचं हे गाणं सगळ्यात खपावं, यातली गंमत मागचं व्याख्यान ऐकलेल्यांना कळेल. कोलंबियाकडून थ्री फ्लेम्स या त्रिकुटाने केलं, तेही पहिल्या क्रमांकावर. त्यातला टायगर हेन्स पुढे १९७५ मध्ये ब्रॉडवेवर ‘द विझ’मध्ये पत्र्याचा माणूस झाला. लुई जॉर्डनने डेकासाठी केलं. माझं मत विचाराल तर सगळ्यात सफाईदार त्याचंच, आणि म्हणूनच थोडं कमी मजेचं. हा माणूस प्यायलेला वाटतच नाही, पक्का व्यावसायिक वाटतो. चॅरिअटिअर्स या गायकमंडळाचंही आलं. आणि खुद्द फ्लेचर? त्याचीही रेकॉर्ड निघाली, पण मॅकव्हेच्या मागून. स्वतःच्याच प्रवेशाच्या रांगेत तो मागे उभा! अखेर श्रेयात शब्दांसाठी फ्लेचर आणि मेसन, चालीसाठी मॅकव्हे अशी नावं लागली. बॉब रसेलचं नाव नाही.

एक गोष्ट जाता जाता. याला आपण ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ म्हणतो, पण तेव्हा हे नाव चालत नव्हतं. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक या यादीला ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणायचं. नाव बदललं १९४९ मध्ये. आमचं गाणं आधी, बारसं नंतर.

आता अवघड भाग. दारू प्यालेला, भाडं थकलेला, एका जोडीवर दोघं भागवणारा काळा माणूस, हे चित्र गोऱ्यांच्या मिन्स्ट्रल खेळांतून आलेलं आहे. मार्कम तर स्वतः कृष्णवर्णीय असून तोंडाला काजळी फासून उभा राहायचा. तेव्हा देशभर रेडिओवर लोक कोणाला हसत होते, हा प्रश्न टाळता येत नाही. मी तो सोडवलेला नाही. पण त्याच लोकांनी त्या ओळीचं काय केलं ते सांगतो.

जॉर्जियात डिसेंबर १९४६ मध्ये निवडून आलेले गव्हर्नर युजीन टॅलमाज शपथेआधीच वारले, आणि विधिमंडळाने त्यांच्या मुलाला, कट्टर वर्णभेदी हर्मन टॅलमाजला, खुर्चीवर बसवलं. विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला, त्यातल्या एका फलकावर होतं: दार उघड, हर्मन! लॉस एंजेलिसच्या ‘सेंटिनेल’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने नगरपालिकेत प्रतिनिधित्व मागणाऱ्या अग्रलेखाला याच गाण्याचं नाव दिलं. मॅकव्हेच्या त्या शहरात बऱ्याच वस्त्यांच्या खरेदीखतांतच अट असायची की घर काळ्यांना विकायचं नाही. न्यायालयांनी अशा अटी अमलात आणू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितलं. म्हणजे १९४७ मध्ये बंद दारासमोर उभं राहून हाका मारणारा माणूस त्या श्रोत्यांना नुसता दारुडा वाटला नसणार. काजळीतून आलेलं पात्र त्यांनी आपल्या बाजूला वळवून घेतलं. हे फ्लेचरने ठरवलं नव्हतं, बेसीने तर नाहीच.

वीस वर्षांनी, १९६७ मध्ये, बॉब डिलनने ‘ओपन द डोअर, होमर’ लिहिलं. नाव होमर, पण गाताना हाक रिचर्डलाच. तोवर ती म्हणच झाली होती.

मॅकव्हेला त्यानंतर असं यश मिळालं नाही. वाजवत मात्र राहिला. १९६६ पासून अनेक वर्षं तो डिस्नेलँडमध्ये, न्यू ऑर्लिन्ससारख्या सजवलेल्या चौकात, आपल्या त्रिकुटाबरोबर क्लॅरिनेट वाजवायचा. २००० साली गेला. समोरून आइस्क्रीम खात जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल, कोण वाजवतंय ते.

चला, आधी मॅकव्हेची आणि मग जॉर्डनची रेकॉर्ड लावतो, आणि मग प्रश्न घेऊ.