सहेतुक वर्तनवाद

सहेतुक वर्तनवाद ही अध्ययनविषयक उपपत्ती आहे. वर्तनवादाची प्रायोगिक शिस्त न सोडता प्राण्याच्या वागण्यात हेतू, अपेक्षा आणि परिसराचे ज्ञान यांना ती स्थान देते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड चेस टोलमन (१८८६–१९५९) यांनी ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत विकसित केली आणि ‘पर्पजिव्ह बिहेवियर इन ॲनिमल्स अँड मेन’ (१९३२) या ग्रंथात सविस्तर मांडली. ‘चिन्ह-अध्ययन उपपत्ती’ या नावानेही ती ओळखली जाते. वर्तनवाद आणि नंतरचे बोधात्मक मानसशास्त्र यांमधला दुवा म्हणून तिच्याकडे पाहिले जाते. टोलमन स्वतःला मात्र वर्तनवादीच म्हणवीत, आणि ते केवळ सोयीपुरते नव्हते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील अध्ययनविचारावर चेतक–प्रतिक्रिया या जोडीची पकड होती. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना कोडेपेटीत कोंडून दाखवून दिले होते, की सुटका आणि खाद्य मिळवून देणारी हालचाल हळूहळू पक्की होते आणि बाकीच्या गळून पडतात. जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये मानसशास्त्रातून ‘मन’ आणि ‘जाणीव’ हे शब्दच हद्दपार करण्याची घोषणा केली. पुढे येल विद्यापीठातील क्लार्क हल यांनी या विचाराला गणिती सूत्रांचे रूप दिले. तपशिलांत मतभेद असले, तरी शिकणे म्हणजे चेतक आणि प्रतिक्रिया यांच्यातला बंध बळकट होणे, हे गृहीतक बहुतेकांना मान्य होते. हल यांच्या मांडणीत हा बंध बळकट करायला बक्षीस, म्हणजेच प्रबलन, अपरिहार्य होते. हे सर्व मान्य केले, तर भुलभुलैयातून धावणारा उंदीर वळणावळणाला ठरावीक स्नायू हलवायला शिकतो, एवढेच म्हणता येते. आपण कुठे चाललो आहोत याची त्याला कल्पना आहे, असे म्हणण्याची सोय राहत नाही.

टोलमन यांना हे पटले नाही, यामागे त्यांची जडणघडणही आहे. मॅसॅच्युसेट्समधील वेस्ट न्यूटन हे त्यांचे जन्मगाव. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून त्यांनी १९११ मध्ये विद्युत्‌रसायनशास्त्राची पदवी घेतली. थोरले बंधू रिचर्ड पुढे भौतिकी व रसायनशास्त्रात नामवंत झाले. एडवर्ड मात्र तत्त्वज्ञान आणि मानसशास्त्राकडे वळले आणि हार्व्हर्डमध्ये १९१५ मध्ये डॉक्टरेट मिळवली. तिथे राल्फ बार्टन पेरी आणि एडविन होल्ट यांच्याकडून त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट उचलली : हेतू ही मनाच्या आत दडलेली, केवळ ज्याची त्यालाच कळणारी बाब नाही, तो वागण्याच्या घडणीतच दिसतो. विद्यार्थिदशेत ते काही काळ जर्मनीतील गीसन येथे कुर्ट कोफ्का यांच्याकडे राहिले होते. तेथे समष्टिवादी (गेस्टाल्ट) मानसशास्त्राशी त्यांची ओळख झाली, आणि त्यांच्या ‘नकाशा’ या पुढच्या काळातील कल्पनेत त्याचा ठसा दिसतो. १९१८ मध्ये ते बर्कलीला आले आणि तेथेच राहिले.

त्यांच्या मांडणीचा पहिला मुद्दा वर्तनाच्या मोजमापाचा आहे. वॉटसन वर्तनाचे तुकडे ग्रंथी आणि स्नायूंपर्यंत करीत. टोलमन म्हणत, की मानसशास्त्राने पाहायचे ते अख्खे वर्तन : उंदराने भुलभुलैया पार करणे, मांजराने पेटीतून सुटणे, माणसाने जेवायला घरी जाणे. असे वर्तन कशाच्या तरी दिशेने चाललेले असते. एक वाट बंद झाली तर दुसरी शोधली जाते, जवळची वाट सापडली की लांबची सोडली जाते, आणि उद्दिष्ट गाठले की धडपड थांबते. ही चिकाटी आणि हा लवचीकपणा निरीक्षकाला डोळ्यांनी दिसतो आणि मोजताही येतो. म्हणून हेतू हा शब्द वापरायला उंदराच्या मनात डोकावण्याची गरज नाही.

दुसरा मुद्दा काय शिकले जाते याचा. टोलमन यांच्या मते प्राणी हालचाली शिकत नाही. अमुक चिन्ह दिसले आणि अमुक केले तर अमुक मिळते, असा संबंध शिकतो. ही त्याची अपेक्षा. ती खरी ठरली की दृढ होते, खोटी ठरली की ढासळते. चेतक आणि प्रतिक्रिया यांच्यामध्ये असलेल्या, थेट न दिसणाऱ्या पण दोन्ही टोकांना मोजण्याजोग्या गोष्टींशी बांधलेल्या अशा घटकांना त्यांनी ‘मध्यस्थ चल’ म्हटले. भूक हा असा एक घटक : किती तास उपाशी ठेवले हे एका टोकाला, किती वेगाने धावला हे दुसऱ्या टोकाला. ही युक्ती इतकी उपयोगी ठरली की खुद्द हल यांनीही ती आपल्या पद्धतीने उचलली.

या उपपत्तीची खरी ताकद तिच्या प्रयोगांत आहे. सर्वांत गाजला तो सुप्त अध्ययनाचा. ह्यू ब्लॉजेट यांनी १९२९ मध्ये त्याचा पाया घातला आणि टोलमन व सी. एच. होंझिक यांनी १९३० मध्ये तो मोठ्या भुलभुलैयात करून दाखवला. या भुलभुलैयात इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची चौदा वळणे होती. प्रत्येक ठिकाणी एक फाटा पुढे नेणारा आणि दुसरा बंद. उंदराला मागे फिरता येऊ नये म्हणून दारे होती, आणि पुढचे आधीच दिसू नये म्हणून पडदे. भुकेल्या उंदरांचे तीन गट केले. पहिल्याला शेवटी रोज खाद्य मिळे. दुसऱ्याला कधीच मिळत नसे. शेवटी पोचला की त्याला नुसते उचलून घेतले जाई. तिसऱ्याला पहिले दहा दिवस काहीच मिळाले नाही आणि अकराव्या दिवसापासून खाद्य ठेवले गेले.

दहा दिवस तिसरा गट दुसऱ्यासारखाच वागत होता. बंद फाट्यांत शिरत होता, रेंगाळत होता. पाहणाऱ्याला वाटावे की हा काही शिकलेला नाही. अकराव्या दिवशी खाद्य मिळाले आणि बाराव्या दिवशी त्याच्या चुका एकदम कोसळल्या. पहिल्या दिवसापासून खाद्य खाणाऱ्या उंदरांच्या बरोबरीला तो आला. थोडा सरसही ठरला. बंध एकेका बक्षिसाने थोडाथोडा बळकट होत असेल, तर एका बक्षिसाने हे घडायला नको होते. निष्कर्ष उघड होता : उंदराने वाट आधीच शिकून ठेवली होती, ती वापरायला कारण आत्ता मिळाले. शिकणे आणि शिकलेले करून दाखवणे यांतला हा भेद टोलमन यांनी मानसशास्त्राला दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे. परीक्षेतील गुणांवरून विद्यार्थ्याला काय येते हे ठरवणाऱ्या प्रत्येकाला या प्रयोगातील चुकांचा आलेख एकदा दाखवायला हरकत नाही.

अपेक्षा भंगली तर काय होते, हे ओटो टिंकलपॉ यांच्या १९२८ मधील माकडांवरील प्रयोगात पाहायला मिळते. माकडासमोर एका भांड्याखाली केळे ठेवायचे, मध्ये पडदा धरायचा आणि त्याच्या नकळत केळ्याच्या जागी लेट्यूसचे पान ठेवायचे. एरवी हीच माकडे लेट्यूस आवडीने खात. आता मात्र माकड भांडे उचलून पानाकडे पाही, ते तिथेच टाकी, भांड्याच्या आतबाहेर, आजूबाजूला शोधू लागे, कधी बघणाऱ्यांवर ओरडेही. बक्षीस हे बंध घट्ट करणारे नुसते साधन असते, तर लेट्यूसनेही काम भागायला हवे होते. माकडाला भांड्याखाली केळेच अपेक्षित होते, असे म्हटल्याशिवाय या शोधाशोधीचा उलगडा होत नाही. शिकल्या जातात त्या हालचाली नव्हेत, हेही आणखी एका प्रयोगात दिसले. डी. ए. मॅकफार्लेन यांनी पोहत पार करायचा भुलभुलैया शिकलेल्या उंदरांना तोच पायांनी पार करायला लावला (१९३०). स्नायूंच्या हालचाली पार बदलल्या, तरी वाट चुकली नाही.

‘कॉग्निटिव्ह मॅप्स इन रॅट्स अँड मेन’ हा १९४८ मधील निबंध म्हणजे या विचाराचे सर्वांत वाचनीय रूप. त्यात टोलमन यांनी मेंदूच्या दोन प्रतिमा समोरासमोर ठेवल्या. चेतक–प्रतिक्रियावाद्यांच्या दृष्टीने मेंदू हा टेलिफोनचा स्विचबोर्ड : आलेला कॉल ठरलेल्या तारेला जोडून द्यायचा. टोलमन यांच्या दृष्टीने तो नकाशे तयार होणारा नियंत्रण कक्ष. आलेल्या संदेशांवर तिथे काम होते आणि त्यातून परिसराचा कच्चा नकाशा उभा राहतो. पुराव्यादाखल त्यांनी बी. एफ. रिची आणि डी. कॅलिश यांच्यासह १९४६ मध्ये केलेला प्रयोग मांडला. उंदरांना एका गोल टेबलावरून निघून बरीच वळणे घेत खाद्यापर्यंत पोचणारा रस्ता शिकवला. मग तो रस्ता बंद केला आणि टेबलाभोवती पंख्याच्या पात्यांसारख्या अठरा नव्या वाटा उघडल्या. ३६ टक्के उंदरांनी निवडली ती वाट खाद्य होते त्या जागेच्या अगदी जवळ जाणारी होती, ओळखीच्या रस्त्याच्या लगतची नव्हे. या प्रयोगात एक कच्चा दुवा मात्र होता. खाद्याच्या बाजूला एक दिवा लावलेला होता आणि उंदीर नकाशाच्या आधारे गेले की दिव्याच्या रोखाने, ही शंका टीकाकारांनी रास्तपणे घेतली. पाठ्यपुस्तके हा दिवा बहुधा गाळतात.

निबंधाच्या शेवटी टोलमन उंदरांवरून माणसांवर येतात आणि सांगतात, की अतिभूक किंवा अतिवैफल्य असले की नकाशा अरुंद होतो. द्वेष आणि वांशिक पूर्वग्रह या अरुंद नकाशांतून येतात. हे प्रयोगातून सिद्ध झालेले नव्हते. पण लेखक शांततावादी घरातला होता आणि नुकतेच महायुद्ध संपले होते, हे लक्षात घेतले की त्या पानांचा सूर कळतो. निबंधानंतर पुढल्याच वर्षी विद्यापीठाने अध्यापकांकडून कम्युनिस्टविरोधी निष्ठाशपथ मागितली. टोलमन यांनी सही नाकारली आणि नकार देणाऱ्यांचे नेतृत्व केले. तरुण, संसारी सहकाऱ्यांना मात्र त्यांनी सही करून नोकरी सांभाळायचा सल्ला दिला. १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

उपपत्तीवर सर्वांत बोचरा आक्षेप एडविन गथ्री यांनी १९३५ मध्ये घेतला. त्यांचे म्हणणे असे, की टोलमन यांचा उंदीर वाटेच्या फाट्यावर विचारात बुडून उभाच राहतो. ज्ञान आहे, अपेक्षा आहे, पण पाय का उचलायचा हे उपपत्ती सांगत नाही. हा आक्षेप खरा आहे. हल यांच्या सूत्रांतून चुकीची का होईना, पण नेमकी भाकिते निघत. टोलमन यांच्या मांडणीतून पुष्कळदा नंतरची स्पष्टीकरणे निघाली. १९४०–५० च्या दशकांत दोन्ही पक्षांनी सुप्त अध्ययनावर डझनावारी प्रयोग केले. त्यांतले काही टोलमन यांना अनुकूल ठरले. आयोवातील केनेथ स्पेन्स हे हल यांचे खंदे समर्थक. त्यांनी आणि आर. लिपिट यांनी ना भुकेल्या ना तहानलेल्या उंदरांना भुलभुलैयाच्या एका बाजूचे खाद्य आणि दुसऱ्या बाजूचे पाणी नुसते दिसू दिले. नंतर भूक लागताच ते खाद्याकडे आणि तहान लागताच पाण्याकडे वळू लागले. पण वाद एका निर्णायक प्रयोगाने मिटला नाही. दोन्ही पक्ष थकले. टोलमन यांनी १९४९ मध्येच अध्ययनाचे एकाहून अधिक प्रकार असल्याचे कबूल केले होते.

त्यांच्या निधनानंतर ही उपपत्ती एकसंध राहिली नाही. तिचे भाग वेगवेगळ्या दिशांनी गेले. अल्बर्ट बँडुरा यांच्या प्रयोगांत (१९६१ आणि पुढे) मुले मोठ्यांना बाहुलीला मारताना पाहून तसेच वागली. त्यातून निघालेल्या सामाजिक अध्ययनाच्या उपपत्तीत मूल बक्षिसाशिवाय शिकते आणि बक्षीस दिसले की करून दाखवते. टोलमन यांचा भेदच इथे माणसांवर आला. रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी १९७२ मध्ये अभिजात अभिसंधानाचे, म्हणजे दोन चेतकांच्या जोडीतून होणाऱ्या शिकण्याचे, सूत्र मांडले, त्यात शिकण्याचे प्रमाण अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकावर ठरते. म्हणजे अपेक्षा ही हल यांच्यासारख्या गणिती शिस्तीत बसवता येते, हे दिसले. जॉन ओकीफ व जोनाथन डोस्ट्रोव्हस्की यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात विशिष्ट जागी आल्यावरच सक्रिय होणाऱ्या पेशी सापडल्या. ओकीफ आणि लिन नॅडेल यांनी १९७८ मधील ग्रंथाच्या नावातच टोलमन यांचा ‘बोधात्मक नकाशा’ घेतला. ओकीफ यांना मे-ब्रिट व एडव्हर्ड मोसर यांच्यासह २०१४ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

गथ्री यांच्या आक्षेपाला मिळालेले उत्तर अर्धेच आहे : उंदीर कधी जागेच्या ज्ञानाने चालतो आणि कधी सवयीने हे कळले, ज्ञानाने पाय कसा उचलला जातो हे नाही. मार्क पॅकार्ड आणि जेम्स मॅकगॉ यांनी १९९६ मध्ये अधिकच्या चिन्हाच्या (+) आकाराच्या भुलभुलैयात उंदरांना एका टोकाकडून खाद्यापर्यंत जायला शिकवले आणि मग विरुद्ध टोकाकडून सोडून पाहिले. आठ दिवसांनंतर बहुतेक उंदीर खाद्याच्या जागी गेले, म्हणजे टोलमन यांच्यासारखे. सोळा दिवसांनंतर बहुतेकांनी नेहमीचे वळण घेतले, म्हणजे हल यांच्यासारखे. पहिल्या टप्प्यात हिप्पोकॅम्पस बधिर केला की जागेचा ठाव सुटे. दुसऱ्या टप्प्यात पुच्छकेंद्रक हा मेंदूचा दुसरा भाग बधिर केला, की सवयीआड दबलेले जागेचे ज्ञान पुन्हा वर येई आणि उंदीर खाद्याच्या जागी जाई.