गोड्या पाण्याची गावे

बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपली पावले आपोआप घाट चढू लागतात. सिंदखेडराजा, मेहकर, लोणार ही स्थाने थोरच आहेत. त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे आणि आणखीही बोलले जावे. परंतु घाटाखालच्या पूर्णेच्या खोऱ्यातील जुनी गावे आपण एस.टी.च्या खिडकीतून पाहतो आणि विसरतो. आज तिकडे उतरू.

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग, मधून पूर्णा. काळीभोर जमीन पाहून परका मनुष्य भुलतो. पण नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. तेथे विहीर खणली तर पाणी लागते, मात्र ते तोंडात धरवत नाही. गोडे पाणी खोऱ्याच्या कडांना. सातपुड्यातून उतरणारे ओढे पायथ्याच्या दगडगोट्यांत मुरतात. जळगाव जामोद आणि सोनाळा याच कडेला वसले, आणि संत्र्याच्या बागाही याच कडेला उभ्या राहिल्या. संत्र्याचे झाड मोठे मानी. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधा, वेळेवर ताण द्या, बहार धरा, सारे काही करा; खारे पाणी त्याला सोसत नाही. बागा अलीकडच्या, गावे जुनी. पण दोघांनी जागा निवडली ती एकाच कारणाने, असे मला वाटते.

वऱ्हाड 1596 साली मोगलांकडे गेले. ‘आईन-इ-अकबरी’त नरनाळा सरकारच्या परगण्यांमध्ये जळगाव, मलकापूर, नांदुरा आणि रोहिणखेड ही नावे आढळतात. जळगावाहून सातपुडा ओलांडला की बऱ्हाणपूर; रोहिणखेडाहून घाट चढला की देऊळघाट. म्हणजे खानदेश आणि दख्खन यांच्या वाटेवरचे हे दोन दरवाजेच होते.

रोहिणखेडाशी मात्र थांबले पाहिजे. 1437 साली खानदेशचा नसीरखान वऱ्हाडात शिरला, तेव्हा बहमनी सरदार खलफ हसन याने त्याला येथेच मोडले आणि थेट बऱ्हाणपूरपर्यंत त्याचा पाठलाग केला. पुढे 1582 च्या सुमारास खुदावंदखानाने येथे दगडी मशीद बांधली. ती आजही उभी आहे. नंतर 1591 च्या मे महिन्यात पुन्हा रण माजले. अहमदनगरच्या गादीवर बालक इस्माईल, कारभार जमालखानाचा. आणि गादीवर हक्क सांगणारा, त्या बालकाचा बापच, बुऱ्हाण, खानदेशच्या राजा अलीखानाला घेऊन समोर उभा! जमालखानाचे सैन्य घाटातून आले ते उन्हाने आणि तहानेने व्याकूळ होऊन. पाण्याची जागा शत्रूने आधीच धरून ठेवली होती. लढाईत जमालखान पडला, इस्माईल पकडला गेला आणि बुऱ्हाण निजामशहा झाला. शाळेत आपण सनावळी घोकतो. पण त्या दिवशी पाणी कोणाच्या हाती होते, हे कोणी विचारत नाही.

मलकापूरची कथा निराळी. 1803 साली शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा तळ मलकापूरजवळ होता. इंग्रजांचा वकील कर्नल कॉलिन्स 3 ऑगस्टला शिंद्यांच्या छावणीतून निघून गेला आणि युद्धाला तोंड लागले. मुंबई-नागपूर लोहमार्ग 1867 साली पुरा झाला, तो मलकापूर-नांदुऱ्यावरून. 1870 मध्ये जलंबहून खामगावला फाटा गेला आणि कापसाचा बाजार भरभराटला. रेल्वेने गोडे पाणी पाहिले नाही. तिने सपाट जमीन आणि कापूस पाहिला. रोहिणखेड आणि जळगाव आडबाजूला पडली. जळगाव तालुका तर 1905 पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. कदाचित म्हणूनही तो आपल्याला अजून थोडा पाहुण्यासारखा वाटतो.

सातपुड्याच्या पायथ्याला आता बोअर दरसाल खोल जात आहेत. पायथ्याच्या गोट्यांत मुरलेले पाणी पिढ्यांचा साठा होता. बाग वाचवायची म्हणून आपण तो उपसतो, आणि बागवानाला तरी दोष कसा द्यावा? उभी बाग डोळ्यांदेखत वाळताना ज्याने पाहिली आहे, तो शेवटचा पैसाही जमिनीत घालतो.

रोहिणखेडला जायचे असेल तर हिवाळ्यात जाऊ नका. वैशाखात जा, भर दुपारी, घाटाकडून उतरा. जमालखानाचे लोक याच दिवसांत उतरले होते.