वर्गातला मोबाईल कोणाचा?

‘शिक्षणात मोबाईलचा वापर’ असा विषय पीएचडीसाठी घ्यायचं मनात असेल, तर वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहून ठेवा : मोबाईल कोणाचा?

या विषयाचा इतिहास बहुतेक वेळा असा सांगितला जातो. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी क्यूआर कोड तयार झाला. पुढे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी तो पाठ्यपुस्तकाला जोडला. मग बालभारतीच्या पुस्तकांत कोड छापले गेले. ५ सप्टेंबर २०१७ ला केंद्राचं ‘दीक्षा’ सुरू झालं. डिसेंबर २०२० मध्ये डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं.

यातली एकही तारीख चुकीची नाही. पण या गोष्टीत फोन धरणारा हात दिसतो का? कोड पुस्तकात छापता येतो, फोन छापता येत नाही. तो कुणीतरी विकत घ्यावा लागतो, त्यात रिचार्ज मारावा लागतो. शिक्षकाने स्वतःचाच फोन वर्गात नेला, तर तो खर्च शाळेच्या कुठल्या कागदावर सापडणार? फक्त शासन निर्णय आणि पाठ्यपुस्तकं चाळलीत, तर हा भाग तुमच्या प्रबंधात येणारच नाही.

आता आकडेवारी बघू. शाळा बंद असताना, सप्टेंबर २०२० मध्ये, ग्रामीण भागासाठी ‘असर’ची पाहणी झाली. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, असं तिच्यात आलं. २०१८ मध्ये हाच आकडा ३६.५ टक्के होता. केवढी वाढ! प्रस्तावनेत टाकायचा मोह होतोच. पण थांबा, पाहणी कशी झाली ते आधी वाचा. टाळेबंदीमुळे घरोघरी जाणं शक्य नव्हतं, म्हणून २०१८ ला नोंदवलेल्या क्रमांकांवर फोन करून ती केली गेली. ज्या घरात फोनच नव्हता, ते घर यात येणार कसं? अहवालाने पद्धत लपवलेली नाही, ती स्पष्ट लिहिली आहे. आपणच ते पान उलटून पुढे जातो.

२०२१ ची पाहणी तर आणखी बोलकी आहे. तेव्हा ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्यांतल्या २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. म्हणजे ‘घरात आहे’ आणि ‘मुलाला मिळतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच रकान्यात टाकल्या, की वर्गाबाहेर राहिलेलं मूल इतिहासातूनही बाहेर जातं.

म्हणून मुलाखतीला जाल तेव्हा “तुम्ही मोबाईलवर शिकलात का?” एवढंच विचारून उठू नका. “हो” असं उत्तर मिळेल आणि विषय तिथेच संपेल. फोन घरात कधी आला, पैसे कुणी भरले, वडील कामावर गेले की तो कुठे असायचा, आणि घरात भाऊ-बहीण दोघंही शिकत असतील तर आधी कुणाच्या हातात जायचा, हे सगळं विचारा. शिक्षकांनाही रिचार्जबद्दल विचारा. कागदावर जे सापडलं नाही, ते बहुतेक इथेच सापडेल.