पदकावरील साल

एखाद्या जुन्या पदकावर १८३० हे साल कोरलेले आढळले, की ते पदक १८३० सालीच घडले असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. कॅथलिक पंथाच्या स्मरणपदकांच्या बाबतीत मात्र हा समज बहुधा खोटा ठरतो. ज्या पदकाला जगभर ‘चमत्कारी पदक’ म्हणून ओळखतात, त्याचीच हकीकत पाहावी. पॅरिसमधील रू द्यु बाक या रस्त्यावरील मठात कॅथरिन लाबूरे नावाच्या तरुण संन्यासिनीला २७ नोव्हेंबर १८३० रोजी मेरीमातेचे दर्शन झाले आणि त्याच दर्शनात पदकाची आकृतीही दिसली, अशी श्रद्धा आहे. गोलावर उभी असलेली माता, तिच्या हातांतून निघणारे किरण. मागील बाजूस क्रुसाशी गुंफलेले एक अक्षर, त्याखाली दोन हृदये आणि सभोवती बारा तारे. वाशेत नावाच्या सोनाराने ही पदके प्रत्यक्ष पाडली ती १८३२ साली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पटकीची साथ पसरली होती. पदके हातोहात वाटली गेली, आणि पुढे त्यांची गणती लाखांनी होऊ लागली. त्यांवर अंक कोरला गेला तो दर्शनाच्या सालाचा, आणि आजही जी पदके निघतात त्यांवर तोच अंक असतो. अर्थात १८३० हा अंक काय सांगतो? स्मरण कोणत्या प्रसंगाचे, एवढेच. ठसा केव्हा उमटला, हे नव्हे.

संत बेनेडिक्टच्या पदकाची गोष्ट याच जातीची आहे. या संताचा जन्म इसवी सन ४८० चा मानतात. त्याला चौदाशे वर्षे पूर्ण झाली म्हणून इटलीतील माँते कास्सिनो मठाच्या वतीने १८८० साली नवे पदक काढण्यात आले. त्यावर मठाचे नाव आणि रोमन अंकांत १८८० हे साल आहे. क्रुसाभोवती जी सुटी अक्षरे दिसतात ती लॅटिन प्रार्थनेतील शब्दांची आद्याक्षरे होत. त्यांचा अर्थ काही काळ लोक विसरूनही गेले होते. बव्हेरियातील मेटेन मठात १६४७ साली एक जुने हस्तलिखित हाती लागले, तेव्हा कुठे तो उकलला. १८८० चे हे रूप इतके रूढ झाले, की तेव्हापासून आजतागायत तेच पाडले जात आहे. त्यामुळे ‘शंभराहून अधिक वर्षांचे पदक’ म्हणून कोणी ते पुढे केले, तर आधी धातू पाहावा, मग साल.

धातू पुष्कळ बोलतो. ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत १८८६ साली सापडली. तोपर्यंत तो धातू राजेरजवाड्यांच्या ताटावर मिरवण्याइतका महाग होता. तेव्हा फुलासारखे हलके, राखाडी पांढरे पदक १८३० चे असणे शक्यच नाही. सतराव्या-अठराव्या शतकांतील यात्रेकरूंची पदके बहुधा पितळेची, अंडाकृती किंवा अष्टकोनी असत, आणि त्यांची कडी पदकाशी एकजीव असून आडवी भोके पाडलेली असे. खाली ‘रोमा’ हा शब्द असला, तर ते रोमच्या यात्रेतून आलेले असावे, असा अंदाज बांधता येतो. पॅरिसच्या सरकारी टांकसाळीने तर जाणकारांचे काम फारच सोपे करून ठेवले आहे. १८३२ पासून तिथल्या पदकांच्या कडेवर बारीक खूण उमटवीत असत: प्रथम दिवा, मग नांगर, मग गलबताचा अग्रभाग, १८४५ पासून बोट दाखवणारा हात, १८६० पासून मधमाशी आणि १८८० पासून धान्यफळांनी भरलेले शिंग. पदक आडवे धरून भिंगातून कड पाहिली, तर दर्शनी बाजूवरील सालाहून अधिक खरे उत्तर तेथे मिळते.

पोपांच्या पदकांत हा गुंता अधिकच वाढतो. पोप दुसरा पॉल (१४६४–७१) याला पदकांची इतकी आवड होती, की इमारतींच्या पायांत आणि भिंतींत ती पुरून ठेवण्यात आली. पुढे सतराव्या शतकापासून दरवर्षी, संत पीटर व संत पॉल यांच्या २९ जूनच्या सणाच्या सुमारास, वार्षिक पदक काढण्याची चाल रूढ झाली. त्यावर इसवी सन नसून पोपच्या कारकिर्दीचे वर्ष असे. तेरावा लिओ १८७८ च्या फेब्रुवारीत निवडला गेला. तेव्हा त्याच्या तेविसाव्या वर्षाचे जूनमधील पदक १९०० चे, हा हिशेब ज्याचा त्याने मांडायचा. पवित्र वर्षाच्या पदकांत आणखी एक फेच आहे. पवित्र दार उघडण्याचा विधी आदल्या वर्षीच्या २४ डिसेंबरला होतो. १९५० च्या पवित्र वर्षाचे दार १९४९ मध्येच उघडले होते.

याहून मोठी अडचण ठशांची. रोमच्या टांकसाळीत जुने ठसे जपून ठेवलेले होते, आणि मागणीप्रमाणे त्यांवरून पुन्हा पदके पाडून विकली जात. १८२४ साली फ्रांचेस्को मात्सिओ याने या ठशांची यादीच छापली. तिचा आरंभ पोप पाचवा मार्टिन याच्यापासून होतो. आता हा मार्टिन १४३१ साली वारला, आणि मुखचित्राच्या पदकांची कला पिसानेल्लोने बायझंटाइन सम्राटाचे पदक घडवले तेव्हापासून, म्हणजे १४३८ च्या सुमारापासून सुरू झाली असे मानतात. म्हणजे मार्टिनच्या हयातीत त्याचे असे पदक निघण्याचा संभवच नव्हता. ते पुढच्या पिढ्यांनी त्याच्या नावाने घडवले. असे पदक खोटे नव्हे. पण समकालीन पदकाची किंमत त्याला देणाराही शहाणा नव्हे. मूळ पदकावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल तर सहज ओळखू येते: धातू थिजताना आकसतो, म्हणून ती मुळापेक्षा किंचित लहान भरते आणि अक्षरांच्या धारा बोथट दिसतात.

मोलाचा प्रश्न निघाला, की घरोघरी एकच चूक होते. पदक सराफाकडे जाते, सराफ ते काट्यावर ठेवतो, आणि रुप्याच्या भावाने ते मुशीत पडते. ज्या प्रसंगाची शे-दोनशे पदकेच उरली असतील, त्यातले एक त्या दिवशी कायमचे नाहीसे होते. दुसरी चूक चिंच आणि राख लावून घासण्याची. तांब्यापितळेवर वर्षानुवर्षे चढलेली काळसर झाक हाच संग्राहकाच्या दृष्टीने त्याचा दाखला असतो. ती गेली, की किंमतही उतरते, आणि मऊ झालेली नक्षी आणखी पुसते ती वेगळीच.

गोव्यात या विषयाला एक खास धागा आहे. संत फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले आणि त्यांचे शव जुन्या गोव्यात बाँ जेझूच्या मंदिरात आहे. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये त्यांना संतपद मिळाले, ते एकट्याला नव्हे. इग्नेशियस लोयोला, अविलाची तेरेसा, फिलिप नेरी आणि शेतकरी इसिद्रो हे त्यांच्यासमवेत होते, आणि या पाचांची चित्रे असलेली छोटी पितळी पदके त्या प्रसंगाने युरोपात पुष्कळ निघाली. हाती आलेल्या झिजक्या पितळी तुकड्यावर पाच आकृत्या दाटीने उभ्या असतील, तर साल नसले तरी प्रसंग कळतो. उलट शवदर्शनाच्या एखाद्या पदकावर १५५२ हा अंक असेल, तर तो निधनाचा. दर्शनसोहळा कोणता हे दुसऱ्या अंकावरून पाहावे लागते, कारण असे सोहळे १७८२ पासून अनेक झाले: १९५२ चा चतुःशताब्दीचा, १९६४ चा, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू होऊन २०२५ च्या जानेवारीत संपलेला.

झिजलेल्या पदकाला बाजारात भाव कमी. चार पिढ्यांच्या बोटांनी आणि ओठांनी नाक-डोळे पुसून टाकलेले पदक संग्राहक बाजूला सारतो, आणि घरातली वृद्धा नेमके तेच उशाशी ठेवते. तथापि त्याच्याबरोबर एखादी चिठ्ठी असेल — कोणी आणले, कोणत्या यात्रेहून, कोणत्या वर्षी — तर संग्राहकही ते परत उचलून पाहतो. म्हणून अशी चिठ्ठी, घरात सांगणारे माणूस आहे तोवर, लिहून पदकासोबत त्याच डबीत ठेवावी.