माशी आणि चाळिशी

'चाळिशी कुठे ठेवली गं?' असं आमचे वडील आईला विचारत, तेव्हा ते चष्मा शोधत असत. वाचायच्या चष्म्याला वयाचंच नाव देणारी आपली भाषा मोठी रोखठोक. माझी चाळिशी मला २००५ च्या डिसेंबरात एन.सी.सी.च्या शिबिरात सापडली, आणि तीही सात वर्षं उशिरा.

मी कोकणातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो आणि ट्रूपही सांभाळायचो. पोरांचं फायरिंग उरकलं की शेवटची पाच काडतुसं मी मारायचो. हातात .२२ ची नंबर २ रायफल, जुन्या .३०३ च्याच अंगाची. पंचवीस यार्डांवरच्या कागदावर माझ्या पाच गोळ्या एरवी एका वाटीखाली झाकल्या जात. त्या दिवशी त्या ताटभर पसरल्या. शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीचे हवालदार उभे होते. त्यांनी कागद पाहिला, मला पाहिलं आणि हळूच विचारलं, "सर, माशी बघताय का टारगेट?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"मग दोन्ही जाणार."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा उभा खुंटा. लष्करात त्याला फोरसाईट म्हणतात. डोळ्याच्या जवळ बॅकसाईटची खाच, पुढे माशी, त्यापुढे निशाण. तिन्ही एका रेषेत आल्या की नेम. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावरचं स्वच्छ पाहू शकतो. तरुणपणी डोळ्यातलं भिंग इतकं लवचीक असतं की खाचेवरून माशीवर आणि माशीवरून निशाणावर ते क्षणात उडी मारतं, आणि आपल्याला वाटतं तिन्ही एकदमच दिसतात. वय वाढतं तसं ते भिंग ताठ होतं. साठीच्या आसपास चष्म्याशिवाय हातभरावरचं काही धड दिसत नाही. खाच तर हातभराच्याही आत असते. ती आधी जाते. मग माशीला केस फुटल्यासारखे दिसतात. दूरचं झाड मात्र पानापानासकट दिसत राहतं, आणि माणूस फसतो तो तिथेच. डोळे चांगले आहेत असं समजून तो निशाणाकडे बघत बसतो.

जुन्या .३०३ वर खाच आणि माशी यांच्यात साधारण १९ इंच अंतर. माशी खाचेत अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी शंभर यार्डांवर गोळी नऊ सेंटीमीटर बाजूला जाते. निशाण धूसर दिसलं तर एवढं बिघडत नाही, धूसर वर्तुळाचाही मध्य डोळा शोधतो. म्हणून हवालदार म्हणत, माशी धरा, बाकीचं सोडा. पण ती धरायला दिसायला तर हवी!

वडिलांनी हा प्रश्न त्यांच्या पद्धतीने सोडवला होता. आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग गजाने ठासायचं, शेवटी टोपी बसवायची. पन्नाशीपर्यंत वडील रानडुकरासाठी एकच गोळी भरत. पुढे छर्रे भरू लागले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "एक डोळा चुकतो, बारा छर्रे चुकत नाहीत." संध्याकाळी माळ्यावर जाण्याआधी ते माशीला चुन्याचं बोट लावत. दिवसा ऊन चमकलं तर तिच्यावर दिव्याची काजळी धरत. विलायती शिकारी रायफलींवर याच कामासाठी हस्तिदंती मणी असे, आमच्याकडे पानाच्या डब्यातला चुना. १९७२ चा वन्यजीव कायदा आल्यावर आमचा बार हवेतच निघू लागला आणि चुना पुन्हा पानालाच लागू लागला.

खरा उपाय मात्र भिंगात नव्हता, भोकात होता. चाळिशी जवळ नसेल तेव्हा मूठ आवळून तिच्या बारीक फटीतून कॅलेंडरची तारीख वाचून पाहा. तारीख वाचता येते. बारीक भोकातून येणारे किरण इतके थोडे आणि सरळ असतात की भिंगाला फारसं काम उरत नाही. जवळचं नि लांबचं, दोन्ही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं. बंदुकीवर खाचेच्या जागी असं भोक बसवलं, ते डोळ्याजवळ आणलं, की तीनमधली एक गोष्ट कमी झाली. भोकाकडे बघायचं नसतं, भोकातून बघायचं असतं. मध्य डोळा आपोआप साधतो.

लांब पल्ल्याच्या नेमबाजांना हे फार आधी कळलं होतं. २६ सप्टेंबर १८७४ ला न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. अंतरं ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश मंडळींकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून भरायच्या रेमिंग्टन आणि शार्प्स. अमेरिका ९३४ विरुद्ध ९३१ अशी जिंकली. त्यात एका आयरिश नेमबाजाने अचूक नेम मारला तो शेजारच्याच निशाणावर! अशा सामन्यांतल्या रायफलींवर दस्त्याच्या मानेशी उभी पट्टी असे, तिच्यात सरकतं भोक. पाच वर्षांनी, १८७९ मध्ये, कनेक्टिकटच्या विल्यम लायमनने शिकारी रायफलीसाठी मोठ्या भोकाची, पातळ कडेची साईट पेटंट केली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी नंबर ४ रायफलवर हेच भोक आणलं, आणि भोक-माशीतलं अंतर २८ इंचांपुढे नेलं. पण बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात जुन्याच नमुन्याची .३०३ बनत राहिली. नंतर त्याच अंगावर ७.६२ ची रायफल निघाली, तिलाही खाचच. त्यामुळे आपल्याकडे पोलिसांच्या पिढ्यान्‌पिढ्या खाचेतच माशी शोधत राहिल्या. पंचावन्न वर्षांच्या जमादाराला वीस वर्षांच्या डोळ्यासाठी केलेली रायफल द्यायची आणि वर्षातून एकदा त्याचे गुण मोजायचे, हा मला नेहमीच अन्याय वाटला आहे.

स्वीडनचा ऑस्कर स्वान हे सगळे हिशेब मोडणारा माणूस. १८४७ चा जन्म. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, साठीत, त्याने पळत्या हरणाच्या स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. १९१२ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, सांघिक सुवर्ण. १९२० मध्ये अँटवर्पला, बहात्तराव्या वर्षी, सांघिक रौप्य. संघात त्याचा मुलगा आल्फ्रेडही होता. हरीण नकली, पण पळतं, आणि शंभर मीटरवर. छातीभर पांढरी दाढी असलेला तो म्हातारा आजही ऑलिंपिकचा सर्वांत वयस्कर पदकविजेता मानला जातो. त्याचा फोटो मी वर्गात लावला होता. पोरं त्याला 'दाढीवाला काका' म्हणायची.

आपल्याकडे १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना निघाली. तिचे पहिले अध्यक्ष पुढे लोकसभेचे सभापती झालेले गणेश वासुदेव मावळणकर. घराणं मूळचं रत्नागिरीकडच्या मावळंग्याचं, त्यामुळे आम्हाला त्यांच्याबद्दल थोडा जास्तच अभिमान. आज स्पर्धेतल्या रायफलीला भोक असतंच. त्याच्याशी नंबरचं भिंग बसवायलाही नियम परवानगी देतात. दुर्बीण मात्र चालत नाही.

आणि माझ्यासारख्या खाचवाल्यांनी काय करावं? मी तीन चष्मे वाया घालवले. दुहेरी भिंगाचा चष्मा पहिल्यांदा बाद झाला. पालथं झोपून गाल दस्त्याला टेकवला की डोळा भिंगाच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो, आणि जवळचा नंबर राहतो खाली. वाचायच्या चष्म्यातून माशीही धूसर आणि निशाण तर नाहीच. एका चष्मेवाल्याने 'बंदुकीसाठी' हा शब्द ऐकून मला बसूसुद्धा दिलं नाही. शेवटी एका जाणत्या डॉक्टरांनी विचारलं, "माशी किती लांब आहे?" मला सांगता येईना. परत जाऊन डोळ्यापासून सुतळीने मोजलं. चौतीस इंच भरलं. त्यांनी लांबच्या नंबरात फक्त अर्धा नंबर वाढवला, तोही नेमाच्या डोळ्यापुरता. त्या भिंगातून माशी काळी, कडक दिसली, आणि निशाण जरासं मऊ पडलं.

तेव्हा चाळिशी लागलेल्या माझ्या मैदानावरच्या मित्रांनो, डॉक्टरकडे जाताना जुना चष्मा विसरलात तरी चालेल. सुतळी तेवढी मोजून न्या.