टाकी लावून मासेमारी आणि ‘बेंड्स’: पाण्यातून सुखरूप वर आलेला माणूस तासाभराने लुळा का पडतो?

पाठीवर हवेची टाकी, हातात भाला मारायची बंदूक आणि समोर खडकाच्या कपारीत दडलेला मोठा गोबरा. अशी शिकार करणारे पाणबुडे जगात अनेक समुद्रांत आहेत. लोकांना वाटतं, त्यांना भीती शार्कची. पण त्यांच्यातले पुष्कळ जण कायमचे अधू होतात ते बोटीवर परत आल्यानंतर. या आजाराचं नाव डिकम्प्रेशन सिकनेस. पाणबुडे त्याला ‘बेंड्स’ म्हणतात.

शरीरात नेमकं काय होतं?

दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवर तो किनाऱ्यापेक्षा चौपट. टाकीतली हवाही त्याच दाबाने छातीत जाते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. शरीर तो वापरत नाही, पण दाबाखाली तो रक्तात, चरबीत, मज्जारज्जूत मुरत जातो. हळूहळू वर आलं तर श्वासावाटे निघून जातो. झटकन वर आलं की सोड्याची बाटली फटकन उघडल्यासारखं होतं, अंगातच बुडबुडे धरतात. सांध्यात धरले तर ठणका, मज्जारज्जूत धरले तर पाय जातात.

दम धरून कालवं काढणाऱ्याला हे सहसा होत नाही, कारण त्याच्या छातीत एका श्वासाचीच हवा असते. टाकीवाल्याला मात्र खाली हवा मिळतच राहते.

३० मीटरवर साधारण २० मिनिटं थांबून, मिनिटाला ९ मीटरपेक्षा कमी वेगाने वर येणं, शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबणं, हा शिकवला जाणारा हिशोब. गंमत म्हणजे तिथे टाकीही चौपट वेगाने संपते, त्यामुळे पहिल्या बुडीला माणूस बहुधा वाचतो. घात करते ती तिसरी-चौथी टाकी, कारण आधीचा नायट्रोजन अंगातून गेलेलाच नसतो. त्यात भाला लागलेला मासा खोल पळाला की शिकारी मागे जातो, घड्याळ विसरतो आणि हवा संपत आली की सुसाट वर येतो. उथळ पाण्यातला मासा संपत गेला की रोजची खोलीही वाढते.

शेवंडीसाठी गेलेले पाय

याचं सर्वात वाईट उदाहरण मध्य अमेरिकेतल्या होंडुरास आणि निकाराग्वाच्या किनाऱ्यावरचं. तिथले मिस्किटो आदिवासी भाल्याऐवजी आकडा लावलेल्या काठीने शेवंड धरतात, बाकी काम तेच. ३० ते ४० मीटर खोल, दिवसाला दहा-बारा टाक्या, अनेकांकडे खोली दाखवणारं मीटरसुद्धा नाही. पैसे वजनावर, माल परदेशात. शेकडो तरुण अपंग झाले. ‘लिवा मायरिन’ ही पाण्यातली बाई कोपली की असं होतं, असं तिथे मानतात. आपल्याकडेही समुद्रातल्या दुखण्याला आधी देवाचाच कौल लागतो, त्यामुळे त्यांना हसायचं कारण नाही. पण तिला दोष दिला की टाक्या मोजायला लावणारा बोटमालक सुटतो. २०२१ मध्ये इंटर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयाने ४२ मिस्किटो पाणबुड्यांच्या प्रकरणात होंडुरास सरकारला जबाबदार धरलं. त्यातल्या ३४ जणांना खोल बुड्यांमुळे इजा झाली होती, १२ जण त्यातच दगावले.

ओळखायचं कसं?

खांदा-कोपरात खोल ठणका, अंगाला खाज, कातडीवर जाळीसारखे डाग, चक्कर, पायाला मुंग्या. लघवी अडकली तर मज्जारज्जूला मार बसलाय असं समजा. बहुतेकांना काही तासांतच त्रास सुरू होतो, कधी दिवसभरानेही. “दमलोय, जरा पडतो” म्हणून झोपणं, दारू घेणं, तेल चोळत बसणं, यातच उपचाराची वेळ निघून जाते.

परत पाण्यात उतरून बरं होतं, असं सांगणारे भेटतील. हवाईतल्या मासेमार पाणबुड्यांच्या १९८६ साली छापलेल्या पाहणीत असा प्रयोग ५२७ वेळा केल्याची नोंद आहे आणि ४६२ वेळा त्रास पूर्ण गेला. आकडा मोठा दिसतो, पण पाहणीत उत्तर द्यायला जिवंत माणूसच लागतो. हातपाय लुळे पडलेल्याला किंवा बेशुद्ध होऊ लागलेल्याला पाण्यात उतरवलं तर तो तिथेच बुडेल. हा उपाय करू नका.

करायचं ते असं: आडवं झोपवा, १०८ ला फोन करा, शुद्धीत असेल तर पाणी पाजा आणि मिळेल तितक्या लवकर मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन सुरू करा. ‘बरं वाटतंय’ म्हटलं तरी थांबवू नका. खरा उपचार दाबकक्षात होतो. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात तशी सोय आहे, निघण्याआधी डॉक्टरांकरवी फोन करून घ्या. डॉक्टरांना “टाकी लावून इतके मीटर, इतक्या वेळा” हे आधी सांगा, नाहीतर लकवा समजून वेगळेच उपचार सुरू होतील.

एक गोष्ट मालवण-वेंगुर्ल्याकडच्यांसाठी. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि अंगातले बुडबुडे फुगतात. आंबोली समुद्रापासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. त्यामुळे अशा रुग्णाला घाट चढवून कोल्हापूर-बेळगावला नेण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि वाटेत ऑक्सिजन चालू ठेवा. धडधाकट पाणबुड्यानेही खोल बुड्यांनंतर १८ ते २४ तास घाट किंवा विमान टाळावं.