प्लॅसेन्शियाचा उपसागर : मासळी, मीठ आणि माणसे

उपवासकाळातील शुक्रवारी आपल्या घरांत मांस शिजत नाही. वाडवडिलांपासून चालत आलेला हा नियम आपण पाळतो आणि त्याविषयी फारसा विचार करीत नाही. परंतु मध्ययुगीन युरोपात उपवासाचे व मांसवर्ज्य दिवस वर्षाकाठी शंभराहून अधिक भरत असत. त्या दिवशी कोट्यवधी माणसांनी खावे काय, हा केवळ धर्माचा प्रश्न नव्हता. तो व्यापाराचाही प्रश्न होता. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाला ताजी मासळी मिळणे अशक्य होते. त्याला हवी होती महिनोन् महिने टिकणारी, खारवून सुकविलेली मासळी. कॉड या माशात तेल अत्यल्प असल्याने तो उत्तम सुकतो व दीर्घकाळ टिकतो. वसईवर दोन शतके राज्य केलेले पोर्तुगीज ज्याला 'बाकाल्याव' म्हणतात, तो हाच खारा कॉड होय. हा मासा उत्तर अटलांटिकमधील ज्या किनाऱ्यांवरून येत असे, त्यांपैकी प्लॅसेन्शिया या एका उपसागराची कथा आम्ही येथे सांगणार आहोत. बोंबील सुकविणाऱ्या किनाऱ्यावरील वाचकांस ती अगदीच परकी वाटू नये.

धुके आणि दोन प्रवाह

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड हे मोठे बेट आहे. त्याच्या आग्नेय भागात, पूर्वेकडील अ‍ॅव्हलॉन व पश्चिमेकडील ब्यूरिन या दोन द्वीपकल्पांच्या मध्ये प्लॅसेन्शियाचा उपसागर शिरलेला आहे. तोंडाशी त्याची रुंदी सुमारे शंभर किलोमीटर, तर आत तो सव्वाशे किलोमीटरपर्यंत जातो. मेराशीन, लाँग आयलंड, रेड आयलंड ही मोठी बेटे आणि असंख्य लहान खडक त्याच्या पोटात विखुरलेले आहेत. अक्षांश पाहिला तर हा प्रदेश पॅरिसच्याही थोडा दक्षिणेस आहे. तरीही येथे हिवाळा कडक, उन्हाळा तोकडा आणि माती इतकी पातळ की धान्याची शेती जवळजवळ अशक्य.

याचे कारण समुद्रात आहे. उत्तरेकडून येणारा लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि दक्षिणेकडून येणारा उबदार गल्फ प्रवाह यांची गाठ न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेस पडते. उबदार हवा थंड पाण्यावर आली की धुके दाटते. या उपसागराच्या काठावरील अर्जेन्शिया येथे वर्षातील जवळपास दोनशे दिवस धुके असते. परंतु जे प्रवाह धुके आणतात तेच सूक्ष्म जीवांचे अन्नही आणतात. त्या अन्नावर कॅपलिन नावाचा बोटभर मासा वाढतो. जून-जुलै महिन्यांत कॅपलिनचे थवे अंडी घालण्यासाठी थेट किनाऱ्याच्या वाळूत येऊन पडतात आणि त्यांच्यामागे भुकेलेला कॉड उथळ पाण्यात शिरतो. लहान होडीतल्या गरीब मच्छीमाराला समुद्र आपले धन असे दाराशी आणून देत असे. तेथील बायका टोपल्या भरभरून कॅपलिन उचलीत आणि बटाट्याच्या वाफ्यांत खत म्हणून पुरीत. मासळीच्या खताचा गुण आपल्या बागायतदारांस वेगळा सांगावयास नको.

बास्क, फ्रेंच, आयरिश

१४९७ साली जॉन कॅबट इंग्लंडच्या राजाच्या परवान्याने या किनाऱ्यांकडे आला. येथे टोपली पाण्यात सोडली तरी मासे निघतात, अशी वार्ता त्यानंतर युरोपात पसरली. पोर्तुगीज, फ्रेंच, बास्क, इंग्रज असे सर्वच दर वसंतात येऊ लागले. स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क हे कट्टर कॅथलिक दर्यावर्दी होते. १५६३ साली दोमिंगो दे लुसा नावाचा एक बास्क खलाशी प्लॅसेन्शियाच्या बंदरात आजारी पडला आणि त्याने आपले मृत्युपत्र लिहवून घेतले. येथे मरणाऱ्यांना जेथे पुरतात तेथेच आपणांस पुरावे, अशी त्याची इच्छा त्यात नोंदलेली आहे. कॅनडाच्या भूमीवर लिहिल्या गेलेल्या सर्वांत जुन्या दस्तऐवजांत या कागदाची गणना होते. त्या भूमीचा लिखित इतिहास असा एका मच्छीमाराच्या मरणाच्या तयारीपासून सुरू होतो, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

१६६२ साली फ्रेंचांनी येथे किल्ला व वसाहत उभारली आणि तिला 'प्लेझान्स' असे नाव दिले. क्वेबेकचे बिशप सें-व्हालिए यांनी १६८९ साली येथे येऊन फ्रान्सिस्कन संघाचा मठ स्थापन केला. परंतु १७१३ च्या उट्रेक्ट तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि फ्रेंच लोक लुईबूर्गकडे निघून गेले.

त्यांच्या जागी आले आयरिश. आयर्लंडमधील वॉटरफर्ड बंदरातून गरीब तरुण दोन उन्हाळे व एक हिवाळा अशा कराराने मासेमारीच्या चाकरीस येत. वॉटरफर्ड, वेक्सफर्ड, किलकेनी या परगण्यांतून आलेल्यांपैकी पुष्कळ जण परतले नाहीत. इंग्रजी अमलात त्यांच्या धर्मावर बंदी होती. जवळच्या कन्सेप्शन उपसागरातील हार्बर मेन येथे मिस्सा झाली म्हणून १७५५ साली गव्हर्नर डोरिल याने लोकांना दंड केला आणि घरे जाळविली. १७८४ साली धर्मस्वातंत्र्य मिळाले व त्याच वर्षी फ्रान्सिस्कन धर्मगुरू जेम्स लुई ओ'डोनेल न्यूफाउंडलंडला आले. पुढे १७९६ साली ते तेथील पहिले बिशप झाले. तोपर्यंत या लोकांनी श्रद्धा टिकविली ती घरातल्या जपमाळेच्या आधाराने.

वाळवण आणि उधारी

न्यूफाउंडलंडमध्ये नुसते 'मासा' म्हटले की कॉडच समजावा. इतरांना नावाने ओळखतात. होडी धक्क्याला लागली की तीन माणसे मेजाभोवती उभी राहत. पहिला गळा व पोट चिरी, दुसरा डोके व आतडी काढी, तिसरा पाठीचा कणा सोडवून मासा पुस्तकासारखा उघडी. मग मिठाचे थर, काही आठवड्यांनी धुणे आणि त्यानंतर लाकडी मचाणांवर वाळवण. हे शेवटचे काम बहुधा बायकामुलांकडे असे. ऊन फार झाले तर मासा करपतो, धुके आले तर कुबट होतो. म्हणून दिवसातून अनेकदा ढगाकडे पाहत तो पसरायचा, पालथा घालायचा, ढीग करून झाकायचा. उत्तन किंवा पाचूबंदर येथे बांबूच्या वलांड्यांवर बोंबील टांगणाऱ्या आपल्या भगिनींना या धावपळीचा अर्थ कळेल.

एवढे करून हातात पैसा मात्र येत नसे. वसंतात व्यापारी पीठ, गूळपाक, मीठ, दोर, गळ उधारीने देई आणि शरद ऋतूत सुकी मासळी ताब्यात घेई. मालाचा भाव तो ठरवी, मासळीचाही भाव तोच ठरवी. प्रत लावणारा माणूस ढिगातून एकेक मासा उचलून बाजूला टाकी आणि त्याच्या हाताच्या हालचालीवर कुटुंबाचा हिवाळा अवलंबून असे. चांगली मासळी पोर्तुगाल, स्पेन, इटलीकडे जाई. सर्वांत हलक्या प्रतीचे नावच 'वेस्ट इंडिया' असे पडले होते, कारण ती कॅरिबियन बेटांवरील उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांच्या पोटी जात असे. युरोपात भाविकाच्या उपवासाचे अन्न आणि वेस्ट इंडिजमध्ये गुलामाची शिधा, अशी दोन टोके एकाच मचाणाने जोडली होती. हा इतिहास कॅथलिक वाचकाने डोळे मिटून वाचू नये.

पाण्यावरून गेलेली घरे

विसाव्या शतकात जगाचे लक्ष या धुकट कोपऱ्याकडे एकदा वळले. अमेरिकेने १९४१ साली अर्जेन्शिया येथे नौदलाचा तळ उभारला. त्यासाठी तेथील लोकांना गाव सोडावे लागले आणि त्यांच्या पूर्वजांच्या कबरीही हलविण्यात आल्या. त्याच ऑगस्टमध्ये या उपसागरात नांगरलेल्या युद्धनौकांवर रूझवेल्ट व चर्चिल भेटले आणि अटलांटिक सनद तयार झाली. आपले सरकार निवडण्याचा सर्व लोकांचा हक्क तीत मान्य केलेला होता. पुढच्याच महिन्यात चर्चिलने पार्लमेंटमध्ये खुलासा केला की, सनदेचा रोख नाझींच्या टाचेखालील युरोपीय राष्ट्रांकडे आहे. हिंदुस्थानचा प्रश्न वेगळा! प्लॅसेन्शियाचे नाव आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासात येते ते असे.

१९४९ साली न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झाले. मुख्यमंत्री जोसेफ स्मॉलवूड यांच्या सरकारपुढे अडचण खरी होती. शेकडो लहान गावे, रस्ता नाही, वीज नाही, डॉक्टर नाही. १९५४ साली त्यांनी स्थलांतराची योजना आणली आणि १९६५ साली केंद्र सरकारही तीत उतरले. कुटुंबामागे १,००० डॉलर व माणशी २०० डॉलर मिळणार होते, मात्र गावातील ठरावीक बहुसंख्येने संमती दिली तरच. प्रथम शंभर टक्के, मग नव्वद, पुढे ऐंशी टक्के असे हे प्रमाण उतरत गेले. या अटीने शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध उभे केले. शिक्षक गेला, धर्मगुरू गेले, दुकान बंद झाले की राहू इच्छिणाऱ्यांचाही धीर सुटे. १९७५ पर्यंत सुमारे ३०० गावे ओस पडली आणि ३०,००० माणसे हलली. प्लॅसेन्शियाच्या बेटांना याची झळ सर्वाधिक लागली. हार्बर बफेट १९६७ साली, तर कॅथलिक वस्तीचे मेराशीन १९६८ साली रिकामे झाले. पुष्कळांनी लाकडी घरे पायापासून सोडविली, पिंपांच्या आधारे तरंगत ठेवली आणि होड्यांनी ओढून नव्या गावी नेली. घरे नेता आली. दफनभूमी मागे राहिली.

समुद्र रिकामा होतो

नव्या गावी लोकांना कारखान्यांची स्वप्ने दाखविण्यात आली होती. लाँग हार्बर येथे फॉस्फरसचा कारखाना १९६८ साली सुरू झाला आणि काही महिन्यांतच त्याच्या सांडपाण्याने हेरिंग मासे लाल पडून मेले. १९६९ साली त्या भागातील मासेमारी काही काळ थांबवावी लागली.

खरे संकट मात्र खोल समुद्रातून आले. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील प्रचंड यांत्रिक जहाजे, पोटात गोठवणयंत्रे घेऊन, वर्षभर जाळी ओढू लागली. न्यूफाउंडलंडच्या उत्तर व पूर्व किनाऱ्यांवरील कॉडची पकड १९६८ साली आठ लाख टनांवर गेली. १९७७ साली कॅनडाने २०० मैलांची हद्द जाहीर करून परकीयांना दूर केले. पण त्यांची जागा स्वदेशी ट्रॉलरांनी घेतली. मासा लहान होत आहे, किनाऱ्यापर्यंत येत नाही, असे होडीवाले मच्छीमार सांगत राहिले. शास्त्रज्ञांच्या अंदाजांत ट्रॉलरांच्या भरघोस पकडीचे वजन अधिक होते. उरलेला मासा थोड्या जागी एकवटल्यामुळे ती पकड भरघोस दिसत होती, हे उशिरा उमगले. २ जुलै १९९२ रोजी मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी उत्तरेकडील कॉडवर बंदी जाहीर केली. सुमारे ३०,००० माणसांचा रोजगार गेला. प्लॅसेन्शियाचा उपसागर ज्या दक्षिण विभागात येतो तेथेही ऑगस्ट १९९३ मध्ये बंदी आली. १९९७ साली तेथे १०,००० टनांची मुभा मिळाली, ती मध्यंतरी वाढविली गेली आणि पुन्हा बरीच कमी करावी लागली. उत्तरेकडील बंदी उठण्यास २०२४ साल उजाडावे लागले. आज या उपसागरात खेकडा व शेवंड धरतात, साल्मनची मत्स्यशेती होते आणि तेलवाहू जहाजांची ये-जा असते. सुक्या कॉडची मचाणे मात्र गेली.

आपल्या देशालाही अशीच वेळ आली होती. १९९१ च्या धोरणाने परदेशी भागीदारीतील मोठ्या जहाजांना आपला समुद्र खुला झाला, तेव्हा फादर थॉमस कोचेरी यांच्यासारख्या धर्मगुरूंच्या साथीने देशभरचे मच्छीमार उभे राहिले. १९९६ साली मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. लहान माणसाचे म्हणणे तेथे वेळेवर ऐकले गेले नाही. येथे काही अंशी ऐकले गेले. परंतु आपली स्वतःची जाळी किती बारीक असावीत आणि पावसाळ्यातील बंदी आपण किती प्रामाणिकपणे पाळतो, हे प्रश्न परक्या जहाजांवर ढकलता येणार नाहीत.

मेराशीन बेटावर आता कोणी हिवाळा काढीत नाही. तरी तेथून गेलेल्यांची मुले-नातवंडे उन्हाळ्यात होड्या घेऊन परततात, लहान झोपड्या बांधतात, एकत्र प्रार्थना करतात आणि दफनभूमीतील गवत काढतात. दोमिंगो दे लुसाने साडेचारशे वर्षांपूर्वी याच उपसागराच्या काठी मातीचा तुकडा मागितला होता. गाव म्हणजे काय, याचे उत्तर त्या मागणीत आणि त्या गवत काढणाऱ्या हातांत आहे, असे आम्ही समजतो.